चैत्रातले शनिवार-रविवार आणि पावणेतीन वर्षांचं मूल

प्रश्न थोडक्यात असा: ‘मुलगा पावणेतीन वर्षांचा. आम्ही दोघंही नोकरी करतो, शनिवार-रविवार सुट्टी. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. होळी झाल्यापासून दहानंतर त्याला बाहेर काढायची सोय राहिलेली नाही. रंग, कोडी, रंगीत माती, ठोकळे, सगळं आणून दिलं. दहा मिनिटांत फेकून देतो आणि पायात घुटमळतो. मग मॉल, नाहीतर मोबाईल. रविवारी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं एकमेकांवर खेकसायला लागलेलो असतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत त्याला घरात कसं गुंतवून ठेवायचं? आणि सासूबाई त्याला मे महिन्यात पंधरा दिवस गावी नेते म्हणतात, पाठवावं का?’

मी 27 वर्षं बालवाडी चालवते आहे. कोणाचा रविवार कसा गेला, हे सोमवारी सकाळी चपला काढतानाच कळतं. रविवारभर मॉल, वाढदिवस आणि रात्री उशिरा हॉटेल झालेलं मूल आईचा पदर किंवा पर्सचा पट्टा सोडत नाही. दुसरं एखादं पोर दारातूनच ओरडत येतं, ‘ताई, मी कैऱ्या धुतल्या!’ कैऱ्यांत काय एवढं, असं मोठ्यांना वाटतं. त्याच्या आठवड्यातली ती सगळ्यात मोठी बातमी असते.

तुमच्या प्रश्नातला ‘गुंतवून ठेवणं’ हा शब्द मला खटकला. तुम्ही वाईट अर्थाने वापरला नाही, सगळेच वापरतात. पण गुंतवून ठेवायचं म्हणजे आपण मोकळं व्हायचं, आणि नेमकं तेच पोराला कळतं. ठोकळे पुढ्यात टाकून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तो ठोकळे सोडून मागे येतो. ठोकळ्यांत खोट नाही. सोमवार ते शुक्रवार त्याने तुम्हाला फक्त जाताना आणि येताना पाहिलेलं असतं. आई-बाबा दिवसभर हातांनी करतात काय, हे त्याला दोनच दिवस बघायला मिळतं, आणि त्या दोन दिवसांत आपण त्याला बाजूला बसवून खेळणी देतो.

म्हणून माझं उत्तर एका ओळीत सांगायचं तर, त्याच्यासाठी कार्यक्रम आखू नका, त्याला तुमच्या कामात घ्या. आणि त्यासाठी फाल्गुन-चैत्रासारखा दुसरा मोसम नाही. आपल्याकडे वर्षभराची घरकामं याच दोन-तीन महिन्यांत निघतात: वाळवणं, गहू-तांदूळ भरणं, नवा माठ, कैऱ्या, पाडव्याची आवराआवर. पूर्वी वाड्यात पोरं आपोआप त्यात असायची. फ्लॅटमध्ये ती मुद्दाम घ्यावी लागतात, एवढाच फरक.

हे मी नवीन काही सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, दगड हाताशी घेतले. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तुमच्याकडे अंगण नाही, पण ओटा, मोरी आणि हातभर गॅलरी आहे, आणि या वयाला ती पुरते.

आता घड्याळाचं बघू. सुट्टीच्या दिवशी आपण उशिरा उठू म्हणतो आणि पोरगं साडेसहालाच छातीवर येऊन बसतं. उठाच. उन्हाळ्यात दिवसाचा चांगला तुकडा पावणेसात ते साडेनऊ एवढाच असतो. एकाने त्याला घेऊन खाली उतरायचं. बागेपर्यंत जायची घाई नको, सोसायटीच्या फाटकापर्यंत जायला पाऊण तास लागला तरी लागू दे. या दिवसांत पिंपळाला तांबूस पालवी असते आणि करंज पोपटी झालेला असतो. कोकीळ ओरडत असतो, आणि कान दिलात तर कुठल्यातरी उंच फांदीवरून तांबटाचं ‘टुक, टुक, टुक’ ऐकू येतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून तांबट. हा पक्षी दिसायला अवघड, त्यामुळे शोधण्यात पंधरा मिनिटं सहज जातात. मुलाला नावं पाठ करायला लावू नका. नुसतं थांबा.

परत येताना भाजी घ्या. त्याची स्वतःची छोटी कापडी पिशवी हवी, तिच्यात दोन कैऱ्या आणि एक लिंबू. जिना तो पिशवीसकट चढेल. लिफ्टने वेळ वाचेल खरा, पण आज वेळ वाचवून करायचंय काय?

कैऱ्या घरी आल्या की अर्धा दिवस सुटला म्हणून समजा. टबात पाणी घेऊन कैऱ्या त्याला धुवायला द्या, पण त्याआधी देठाकडचा भाग कापून थोडा वेळ पाण्यात ठेवा, म्हणजे चीक निघून जातो. तो चीक गालाला, ओठाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. बालवाडीत दर चैत्रात असं एखादं तोंड येतंच. मग कैऱ्या कुकरला लावा आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झालेल्या कैरीचा गर हाताने काढून कुस्करायचं काम त्याचं. बाजारातून आणलेली रंगीत माती ज्याने दहा मिनिटांत फेकली, तोच हा गर अर्धा तास कुस्करेल, कारण याचं पुढे काहीतरी होणार आहे हे त्याला माहीत असतं. चिरलेला गूळ त्यानेच घालायचा, चिमूटभर मीठ त्यानेच, वेलदोड्याची पूड तुम्ही. मग पाणी घालून रवीने घुसळा, त्याचे हात रवीवर आणि तुमचे त्याच्या हातांवर. पन्हं तो पिईल का? बहुतेक नाही. एक घोट घेऊन तोंड वाकडं करेल आणि आल्यागेल्याला मात्र ‘मी केलं’ म्हणून पाजेल.

सांडेल, हे गृहीत धरा. त्याच्या हाताशी त्याचं फडकं ठेवा आणि पुसणं हेही कामच माना. ‘बघ, सांडलंस!’ असं म्हटलंत की काम संपलं आणि परीक्षा सुरू झाली.

माझ्यावर विश्वास ठेवायचा तर माझी चूकही ऐका. लेक तीन वर्षांची असताना मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. गहू भिजवण्यापासून चार दिवसांचा खटाटोप. आदल्या संध्याकाळी मी तिला तुळशीला पाणी घालायला शिकवलं होतं, ‘ऊन लागतं ना, तहान लागते तिला’ असं सांगून. दुसऱ्या दिवशी मी खाली फोन घ्यायला गेले आणि वर येऊन बघते तर लेकीने झारीने सगळ्या कुरडयांना पाणी घातलेलं. ऊन लागत होतं ना त्यांना! मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू वर आल्या. ती नंतर दोन दिवस गच्चीवर आली नाही. रात्री चादर झटकताना मला कळलं की तिने माझंच वाक्य वापरलं होतं. त्या वर्षी कुरडया विकतच्या आणल्या.

त्यामुळे तुम्हाला कुरडया सांगत नाही. साबुदाण्याच्या पळीपापड्या करा. शुक्रवारी झोपायच्या आधी एक वाटी साबुदाणा त्याच्या हातून भिजत घाला. शनिवारी सकाळी चार-पाच वाट्या पाण्यात मीठ-जिरं घालून, साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत तुम्ही शिजवा. गरम मिश्रणाजवळ त्याला येऊ देऊ नका, साबुदाणा कातडीला चिकटतो आणि फार भाजतं. प्लास्टिकच्या कागदावर पळीने गोल तुम्हीच घाला. त्याचं काम राखणदारीचं: हातात लाटणं किंवा छोटी काठी, आणि कबुतरं-कावळे हाकलायचे. गॅलरीला जाळी असेल तर कबुतरं येणार नाहीत, तरी राखण करू द्या. त्याच्यासोबत मोठं माणूस हवंच, आणि कठड्याजवळ स्टूल, खुर्ची, उलटी बादली असं चढण्याजोगं काहीही नको. ऊन चढलं की राखणदाराला आत घ्या आणि दाराच्या काचेतून बघू द्या.

या पापड्यांची खरी गंमत रविवारी सकाळी कळते. काल ओल्या, लिबलिबीत होत्या, आज कडा सुटल्या आहेत. त्याने उलटायच्या. तुटतील चार. पापडी दोन दिवसांत कडक वाळते, आणि पावणेतीन वर्षांच्या मुलाला ‘काल’ आणि ‘उद्या’ हे शब्द समजायला याच्यापेक्षा सोपी वस्तू मला माहीत नाही. बालवाडीत आम्ही तक्त्यावर वार शिकवतो, ते त्यांना पाठ होतात पण कळत नाहीत. शिवाय शनिवार-रविवार ही दोन सुटी-सुटी ओझी राहत नाहीत. रविवारी उठल्यावर ‘आता काय?’ विचारायच्या आधीच तो गॅलरीच्या दारापाशी असतो.

‘आमच्याकडे मावशी येतात, घरात कामच उरत नाही’ हे मला आयांकडून हमखास ऐकायला मिळतं. मग थोडं उरवा. मावशींना सांगा, शनिवारची कोथिंबीर निवडायची नाही, लसूण सोलायचा नाही, धुतलेले रुमाल घडी करायचे नाहीत. नवा माठ आणला असेल तर आधी तो पाण्याने भरून ठेवायचा. बाहेरून ओलसर झालेल्या माठावर मुलं गाल टेकवून उभी राहतात, त्यांना कोणी सांगावं लागत नाही. वर्षाचे गहू घेतले असतील तर ते चाळताना त्याला परातीत एक ओंजळ द्या. तांदळाला बोरिक पावडर लावायचं काम मात्र तो झोपल्यावर करा, आणि तिखट-मसाल्याच्या दिवशी त्याला घराबाहेरच ठेवा.

दुपार. इथे मी जरा कडक आहे. साडेअकराला जेवण, साडेबाराच्या आत पडदे ओढून झोप. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत 1-2 वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास आणि 3-4 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप सांगितली आहे. तुमचा मुलगा या दोहोंच्या उंबरठ्यावर आहे. सुट्टी म्हणून दुपारची झोप बुडाली की सहा वाजता जो तमाशा होतो, त्याला आपण ‘हट्टी झालाय’ म्हणतो. हट्टी नाही, झोपेला आलेला असतो. मॉलच्या रविवारचा खरा तोटा माझ्या मते हाच आहे.

तो झोपला की तुमच्यापैकी एकाने आडवं व्हायचं. कपड्यांची मशीन, राहिलेले ईमेल, कपाट आवरणं, काहीही नाही. फरशीवर पंख्याखाली पडा.

यावरून तुम्हा दोघांच्या भांडणाकडे येते, कारण मुलापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटली. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत मी हे पुन्हापुन्हा पाहिलं आहे. सुट्टीत दोघंही दिवसभर मुलाजवळ असतात आणि दोघंही अर्धेमुर्धे असतात. एकाचा डोळा मुलावर आणि एक फोनवर, दुसऱ्याचंही तेच. मग ‘तू बघत होतास ना?’ ‘मला वाटलं तू बघतेयस.’ वाटून घ्या. शनिवारी सकाळ बाबाची: उठवण्यापासून कैऱ्या धुण्यापर्यंत. त्या वेळात आईने अंघोळ लांबवावी, पेपर वाचावा, मैत्रिणीकडे जावं. घरात असली तरी ‘तो टॉवेल कुठे ठेवलास?’ याला उत्तर द्यायला ती बांधील नाही. रविवारी उलट. सगळ्यांनी एकत्र असायचा वेळ जेवणाचा आणि संध्याकाळचा, तेवढा भरपूर झाला. पिंपरी-चिंचवडकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या घरांत बाबांची सुट्टी गुरुवारी असते आणि आईची रविवारी. ती बिचारी एकत्र सुट्टी नाही म्हणून हळहळतात. मी त्यांना सांगते, मुलाला आठवड्यातून दोन वेळा एकेक माणूस पुरतं मिळतं, वाईट काय त्यात?

बाबांच्या वाट्याला फक्त बाग आणि सायकल द्यायची आणि ओटा आईकडे ठेवायचा, असं करू नका. पन्हं बाबाला येत नसेल तर शिकू दे. मुलाबरोबर शिकेल.

साडेतीन ते पाच हा उन्हाळ्यातला सगळ्यात अवघड पट्टा, आणि मोबाईल शिरतो तो इथेच. त्याच संघटनेच्या तत्त्वांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पडद्यासमोर बसणं दिवसाला एक तासाच्या आत हवं, जितकं कमी तितकं बरं. मला तासापेक्षा तो केव्हा आणि कसा जातो याची फिकीर जास्त. जेवताना मोबाईल बंद, याला अपवाद नको. पडद्याकडे बघत मूल जेवत नाही, आपण भरतो आणि ते गिळतं. गावच्या आजीला व्हिडिओ कॉल केला तर चालेल, तिला वाळत घातलेल्या पापड्या दाखवू दे. आणि या पट्ट्यासाठी तुमच्याकडे मोरी आहेच. दोन पातेली, गाळणी, पेला, जुना चहाचा कप, रिकामी बाटली आणि पाव बादली पाणी. ओतायचं, भरायचं, परत ओतायचं. तुम्ही दारात पाटावर बसा, शक्यतो पुस्तक घेऊन, पण उठून जायचं नाही. या वयाचं मूल बादलीत वितभर पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाज होत नाही. दाराची बेल वाजली तर त्याला उचलून घेऊन जा. खेळ संपला की बादली रिकामी करून पालथी घाला, ते पाणी कुंड्यांना. कुंड्यांनाच, हे नीट सांगा.

संध्याकाळचं फार सांगत नाही, साडेपाचनंतर तुम्ही बाहेर नेताच. गच्ची उघडी मिळत असेल तर आठवड्यातून एकदा जेवणं वर करा. दहीभात आणि तळलेली पापडी. चंद्र शोधायचा.

सणांबद्दल दोन धोक्याच्या गोष्टी. पाडव्याला गाठी म्हणजे निव्वळ साखर, गळ्यात हार घालून फोटो काढा, मग एक पाकळी मोडून द्या आणि हार वर ठेवा. कडुनिंबाचं पान चाखू द्या, चेहरा बघण्यासारखा होतो. दुसरी गोष्ट चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कुठे ना कुठे बोलावणं असतं आणि ओटीत भिजवलेले हरभरे येतात. अख्खे हरभरे, शेंगदाणे, फुटाणे या वयाच्या हातात नकोत. घशात अडकतात, श्वासनलिकेत जातात, आणि नाकात तर मुलं हौसेने घालतात. भिजलेला हरभरा नाकात आणखी फुगतो. आंबेडाळ दिली तर चालेल, पण तिखट बघून आणि डाळ नीट वाटलेली असेल तर. कलिंगडाच्या बिया काढा, द्राक्षं उभी चिरून द्या.

हे सगळं एका शनिवारात कोंबू नका. एका सुट्टीला एकच काम. उरलेला वेळ तो नुसता लोळेल, किरकिर करेल, पडद्यामागे लपेल, तुमच्या चपला घालून फिरेल. किरकिर ऐकली की लगेच काहीतरी काढून द्यायची सवय आपल्याला असते. पाच मिनिटं थांबून बघा. दहापैकी सहा-सात वेळा ते आपलं आपण काहीतरी शोधतं. उरलेल्या वेळी भूक, झोप किंवा शी, यांपैकी एक असतं.

आता सासूबाईंचं. पाठवा, पण पहिल्याच वेळी पंधरा दिवस एकटा नको. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला पंधरा दिवस म्हणजे किती हे कळत नाही, त्याला फक्त तुम्ही नाही हे कळतं. पहिले तीन-चार दिवस तुमच्यापैकी एकाने तिथे राहावं. त्याला तिथली झोपायची जागा, आजीचा हात, संडास-मोरी सवयीची होऊ द्या. नंतर चार-पाच दिवस त्याला एकट्याला ठेवून बघा. निघताना तो झोपेत असताना पळून येऊ नका. रडला तरी सांगून निघा, ‘रविवारी येतो’ म्हणा आणि रविवारीच या. पापड्यांमुळे रविवार त्याला थोडाफार कळायला लागलेला असेल. विहीर, हौद, उघडी टाकी यांबद्दल सासूबाईंशी आधीच स्पष्ट बोला, त्यांना राग आला तरी चालेल. बाकी तिथे तो काय खातो, किती मळतो, किती वाजता अंघोळ करतो, यावर रोज फोन करून चौकशी नको, ते त्यांचं राज्य.

आणि त्याने राखलेल्या पापड्यांचा डबा जाताना त्याच्याच हातात द्या. आजीला तळायला सांगेल तो.